प्रकल्प नोंदी : ‘टेक ऑफ’

४ जून

साच्याची नोंद म्हणून ‘टेक ऑफ’ घ्यायचं ठरलं. आपला कोश मराठीतून शिकलेल्यांसाठी आहे. त्यांना इंग्रजी वाचता येतं, लिहिताना-बोलताना मात्र अडतं. ‘टेक’ ठाऊक असतं, ‘ऑफ’ही ठाऊक असतं, पण दोन्ही शेजारी आले की पंचाईत. तेव्हा एक नोंद खोलात जाऊन करायची, तिच्यावरून साचा ठरवायचा आणि मग बाकीच्या फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या अशाच जोड्या, त्यात बसवायच्या. सहकाऱ्याला ‘गेट अप’ हवं होतं, कारण ते लवकर उरकेल. माझं मत असं, की साचा पारखायचा तर अवघड मालावरच पारखावा.

अवघड म्हणजे असं : विमान ‘टेक ऑफ’ करतं तेव्हा वर जातं. कोट ‘टेक ऑफ’ केला की अंगावरून उतरतो. माणूस ‘टेक ऑफ’ करतो तेव्हा सटकतो, आणि त्याच माणसाला दुसऱ्या कुणी ‘टेक ऑफ’ केलं तर त्याची नक्कल केली असं होतं. किमतीतून काही ‘टेक ऑफ’ केलं तर सूट मिळाली. धंद्याने ‘टेक ऑफ’ केलं तर बरकत आली.

इंग्रजी-मराठी कोशांची पद्धत ठरलेली आहे. १, २, ३ असे आकडे आणि प्रत्येकापुढे मराठी शब्दांची रांग. वाचणारा पहिला शब्द उचलतो आणि जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, मीही कोश तसाच वाचतो. साच्यानेच या घाईशी जुळवून घ्यायला हवं.

६ जून

वाक्यं गोळा करणं सुरू. आधार ब्रिटिश नॅशनल कॉर्पसचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या संग्रहाचा : सुमारे १० कोटी शब्द, विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातलं ब्रिटिश इंग्रजी, त्यातला साधारण दहावा हिस्सा बोललेल्या भाषेचा. अमेरिकन वापर वेगळा तपासावा लागेल.

शोधसूत्राबद्दल पुढच्यांसाठी टीप. नुसती अक्षरं शोधली तर ‘टेक ऑफिस’ म्हणजे पदभार घेणं आणि ‘टेक ऑफेन्स’ म्हणजे राग मानणं, ही दोन्ही जाळ्यात येतात. शब्द कुठे संपतो हे यंत्राला सांगावंच लागतं. क्रियापदाची पाच रूपं द्यायची : टेक, टेक्स, टुक, टेकन, टेकिंग. त्यात दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटून असतीलच असं नाही. ‘ही टुक हिज वेट शूज ऑफ’ यात मध्ये तीन शब्द आहेत. अंतराची मुभा वाढवली की कचरा वाढतो, कमी केली की चांगली वाक्यं हुकतात. सध्या मध्ये चार शब्दांपर्यंत चालवून घेतोय.

मधल्या जागेचा नियम साच्यात अगदी वर हवा. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं : ‘टेक इट ऑफ’. ‘टेक ऑफ इट’ कुणी म्हणत नाही. नाम असेल तर मध्येही चालतं, शेवटीही. पण नाम लांबलचक असलं की बोलणारा ते शेवटी ढकलतो, नाहीतर ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा ‘टेक’ विसरून जातो.

९ जून

वाक्यांचे ढीग पाडले. सगळ्यात मोठ्या दोन ढिगांबद्दल वाद नाही : अंगावरचं काहीतरी उतरवणं आणि विमानाने जमीन सोडणं. त्यानंतर भानगड सुरू होते.

काढलेला कोट आणि काढलेलं झाकण हे एकच का? मी एकच धरतो. कापून टाकलेला पाय? शल्यविशारदाने पाय ‘टेक ऑफ’ केला, असं इंग्रजीत सर्रास म्हणतात. वस्तू जिथे होती तिथून वेगळी केली, एवढंच पाहिलं तर हाही तोच अर्थ. पण शिकणाऱ्याला ‘बुटांसारखाच पायही’ असं सांगणं जरा रानटी वाटतं, आणि मराठीत आपण पाय काढत नाही, कापतो. वेगळा ढीग.

मग बुडत्या जहाजावरून हेलिकॉप्टरने उचललेली माणसं. सामना चालू असताना प्रशिक्षकाने बाहेर बोलावलेला खेळाडू. प्रेक्षक येईनात म्हणून थांबवलेलं नाटक. उतारू मिळेनात म्हणून बंद केलेली आगगाडी. घटवलेलं वजन. बिलातून वजा केलेली रक्कम. इथे प्रत्येक वेळी काहीतरी ‘वरून’ हटवलं जातंय : डेकवरून, मैदानावरून, रंगमंचावरून, वेळापत्रकावरून, अंगावरून, बिलावरून. ‘ऑफ’चा मूळ धर्म तोच, पृष्ठभागापासून सुटणं. एवढं एक ध्यानात आलं की निम्मे ढीग एकमेकांकडे सरकायला लागतात.

कोशकारांत दोन जाती असतात, एकत्र करणारे आणि फोडणारे. फोडणाऱ्याला ‘टेक ऑफ’चे वीस अर्थ सहज दिसतील. एकत्र करणारा चारांवर थांबेल. दोघांचंही चुकत नाही. अर्थ मोजण्याचं माप भाषेत कुठे लिहून ठेवलेलं नाही, ते मोजणाऱ्याच्या गरजेतून येतं. आपली गरज मराठी वाचकाची आहे. म्हणून माझा निकष : मराठीत जिथे वेगळं क्रियापद लागतं तिथे फोडा, एकच पुरतं तिथे जोडा.

१० जून

इतिहासात थोडं डोकावलो. नोंदीत यातलं फारसं जाणार नाही, पण इथे राहू दे.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच ही तक्रार मांडून ठेवली आहे : क्रियापदाच्या शेपटीला बारीकसा शब्द लावून आपण त्याचा अर्थ फिरवतो आणि परक्यांना सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. उदाहरणांत ‘टेक ऑफ’ आहे! त्याने दिलेला अर्थ मात्र आज कुणाला पहिल्यांदा सुचणार नाही : नक्कल करणं. विमानाचा प्रश्नच नव्हता, राइट बंधूंचं उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चं.

उडण्याचा अर्थही थेट विमानाबरोबर आलेला नाही. त्याआधीच कुंपणावरून उडी घेणारा घोडा जिथे जमीन सोडतो त्याला हा शब्द लागत होता. लांब उडीतली फळी अजूनही ‘टेक ऑफ’चीच फळी आहे. पुढे डब्ल्यू. डब्ल्यू. रोस्टो या अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये देशांच्या आर्थिक वाढीच्या पाच अवस्था मांडल्या, त्यातल्या तिसरीचं नाव ‘टेक ऑफ’. धंदा, गाणं, कारकीर्द यांचं ‘टेक ऑफ’ त्याच वाटेवरचं.

आणि ‘मॅकबेथ’मध्ये डंकन राजाच्या खुनाला ‘टेकिंग ऑफ’ म्हटलंय. जगातून काढून टाकणं! शिकणाऱ्याला उपयोग शून्य. तरी लिहून ठेवतो.

या क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापील रूढ झालं ते लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकाने. नाव सुचवलं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी, असं श्रेय त्याने दिलंय. जॉन्सनच्या तक्रारीनंतर १७० वर्षं या त्रासाला धड नावही नव्हतं.

१३ जून

अर्थ कोणत्या क्रमाने द्यायचे? जुना आधी ही इतिहासाची रीत. तसं केलं तर नक्कल वर येईल आणि विमान तळाला जाईल. नको.

वापराच्या क्रमाने देण्याला आधार आहे. गार्डनर आणि डेव्हिस या भाषा-अभ्यासकांनी २००७ मध्ये याच कॉर्पसमधल्या फ्रेझल व्हर्ब मोजल्या. फक्त २० क्रियापदं आणि ८ शेपट्या यांच्या जोड्यांनी निम्म्याहून जास्त वापर व्यापलेला निघाला. ‘टेक’ त्या विसांतलं. सर्वाधिक येणाऱ्या शंभरांना सरासरी साडेपाचाहून थोडे जास्त अर्थ. नंतर २०१५ मध्ये गार्निए आणि श्मिट यांनी उलटा प्रश्न विचारला : यातले खरोखर शिकावेत असे किती? १५० फ्रेझल व्हर्बसाठी त्यांनी २८८ अर्थ ठेवले, म्हणजे प्रत्येकीला जेमतेम दोन.

सहकारी खूश. म्हणतो, दोन अर्थ देऊन मोकळं होऊ. पण नुसता वाचणारा आणि कोश उघडणारा यांत फरक आहे. माणूस कोश उघडतो तो पहिल्या दोन अर्थांनी वाक्य लागलं नाही म्हणून. कोट आणि विमान त्याला माहीत आहेतच. तो आलाय नक्कल किंवा नाटक शोधायला. क्रम वापराचा ठेवू, पण गाळागाळ नको.

१७ जून

आज कामाला खरी दिशा मिळाली.

प्रत्येक ढिगापुढे मराठी क्रियापद लिहीत बसलो होतो, परवाच्या निकषाप्रमाणे. कपडे काढले. चष्मा काढला. झाकण काढलं. रजा काढली. यादीतून नाव काढलं. खेळाडूला बाहेर काढलं. जहाजावरून माणसं काढली. माणूस सटकला तर त्याने पळ काढला. पळ! तिथेही काढणंच. नकलेपाशी वाटलं आता सुटेल, पण कोंबड्याचा, मांजराचा, शेजारच्या काकांचा आवाज आपण काय करतो? काढतो.

‘टेक ऑफ’च्या जवळजवळ अर्ध्या संसाराला एकटं ‘काढणे’ पुरतंय. दोन्ही भाषांनी वस्तू सुटी करण्याच्या साध्या क्रियेपासून सुरुवात केली आणि रजेपर्यंत, पळापर्यंत, नकलेपर्यंत आपापल्या पायांनी गेल्या. एकीने दुसरीचं उचललेलं नाही. म्हणूनच वाचकाला आधार द्यायला हे कामाचं आहे. त्याला हा विस्तार अनोळखी नाही, त्याच्या तोंडात तो आधीपासून आहे.

शिवाय तो कधी गोंधळत नाही, हे जास्त महत्त्वाचं. ‘नाव काढणे’ घ्या. यादीतून नाव काढलं, आईबापांचं नाव काढलं, आणि त्याचं नावही काढू नकोस. तीन वाक्यं, तीन टोकं. मराठी माणूस क्षणभरही थबकत नाही, कारण तो ‘काढणे’चे अर्थ क्रमांकाने आठवत नाही. काय काढलं, कुठून काढलं, कुणी काढलं, यावरून अर्थ आपोआप ठरतो. इंग्रजी बोलणारा ‘टेक ऑफ’शी हेच करतो. मग नोंदही तशीच मांडावी : अर्थाचे आकडे मागे आणि ‘कोण, काय, कुठून’ पुढे. वाचकाने आपल्या वाक्यातलं कर्म शोधायचं, त्या रकान्यात जायचं, अर्थ तिथे असेल.

१८ जून

कालच्या उत्साहाला आज खीळ घालतोय, कारण ‘काढणे’ दोन बाजूंनी दगा देतं.

पहिली बाजू सरळ आहे. फोटो काढतो, कर्ज काढतो, दिवस काढतो, भांडण काढतो, खोड्या काढतो. यातल्या एकालाही ‘टेक ऑफ’ चालत नाही. म्हणजे ‘काढणे म्हणजे टेक ऑफ’ असं उलट्या दिशेने वाचलं तर अनर्थ. नाटकाचं तर विचारूच नका. मंडळाने नाटक काढलं म्हणजे बसवलं, सुरू केलं. इंग्रजीत नाटक ‘टेक ऑफ’ केलं म्हणजे बंद केलं. तिथे ‘उतरवलं’ किंवा ‘थांबवलं’ लिहायचं, ‘काढलं’ चुकूनही नाही.

दुसरी बाजू जास्त खोल आहे. मराठीत ‘काढणे’ची जोडीदार आहे ‘निघणे’. मी झाकण काढलं, झाकण निघालं. डाग काढला, डाग निघाला. करणारा दिसतो तिथे काढणे, आपोआप होतं तिथे निघणे. आणि प्रवासाला आपण निघतो, तिथे इंग्रजीत ‘टेक ऑफ’ चालतं. इथपर्यंत सगळं इतकं सुरेख जुळतं की मोह होतो : कर्म असेल तर काढणे, नसेल तर निघणे, झाली नोंद!

पण ‘झाकण निघालं’ याचं ‘द लिड टुक ऑफ’ करून पाहा. इंग्रजी वाचणाऱ्याला झाकण हवेत उडालेलं किंवा दाराबाहेर पळालेलं दिसेल. निर्जीव वस्तू आपोआप सुटली तर तिथे ‘कम ऑफ’ लागतं : बटण, झाकण, रंग, मूठ. कर्म नसलेलं ‘टेक ऑफ’ ज्याच्या अंगात गती आहे त्यालाच शोभतं. विमान, पक्षी, चोर, आणि लाक्षणिक अर्थाने विक्री किंवा कारकीर्द. त्यात जोराने सुटण्याची छटा असते. रमतगमत निघालेल्या आजोबांना ‘टेक ऑफ’ लावलं तर ती थट्टा होईल.

तेव्हा निघण्याची चौकट अशी : निघणारा स्वतःच्या जोराने निघाला का? हो, तर ‘टेक ऑफ’. नुसता सुटला, तर ‘कम ऑफ’.

२० जून

नाटकाची जोडी साच्यात घ्यायची. ‘द प्ले टुक ऑफ’ म्हणजे नाटक चाललं, गर्दी लोटली. ‘द प्ले वॉज टेकन ऑफ’ म्हणजे नाटक थांबवलं. तोच कर्ता, तेच क्रियापद, आणि निकाल उलटा. दुसऱ्या वाक्यात नाटक दिसायला कर्त्याच्या जागी आहे, पण मुळात ते कर्म आहे, कुणीतरी ते हटवलंय. कर्मणी प्रयोग ओळखता आला नाही तर वाचक नेमका उलट अर्थ घेऊन जाईल. ‘वॉज’कडे बाण दाखवणारं छोटं चित्र सहकारी करतोय.

२२ जून

‘टेक द बुक ऑफ द शेल्फ’, ‘टेक मी ऑफ द लिस्ट’ ही वाक्यं घ्यायची का? इथे ‘ऑफ’च्या पुढे स्वतःचं नाम आहे, म्हणजे व्याकरणाच्या हिशेबाने ते शब्दयोगी, क्रियापदाची शेपटी नव्हे. कडक कोशकार यांना बाहेर ठेवील. मी आत घेतोय, शेवटी, वेगळ्या रकान्यात. वाचक ‘टेक’ आणि ‘ऑफ’ एका वाक्यात पाहतो आणि इथेच येतो. त्याला व्याकरणाच्या दारावरून परत पाठवायचं का?

२५ जून

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी कच्ची नोंद तपासून पाठवली. दोन सूचना.

एक, रजेच्या अर्थाची जागा. दिवसाचं नाव मध्ये आलं की रजा : ‘शी इज टेकिंग ट्यूजडे ऑफ’. ‘टेकिंग ऑफ ऑन ट्यूजडे’ म्हटलं की ती मंगळवारी निघतेय. बाईंच्या मते हे उदाहरण सगळ्यात वर हवं, कारण कामाच्या पत्रव्यवहारात गोंधळ इथेच होतो. पटलं. अमेरिकन वापरात ‘टेक ऑफ ट्यूजडे’ रजेसाठीही ऐकू येतं, पण शिकणाऱ्याने मध्ये ठेवलं तर कुठेच अडणार नाही.

दोन, नक्कल गाळावी. तो अर्थ मुख्यतः ब्रिटिश आहे आणि विद्यार्थ्यांच्या वाचनात क्वचित येतो, असं त्यांचं म्हणणं. इथे मी अडून बसलो. ‘दे टुक हिम ऑफ’ या चार शब्दांचे तीन अर्थ होतात : खेळाडूला बाहेर घेतलं, बोटीवरून उतरवून घेतलं, त्याची नक्कल केली. पहिले दोन वाचकाला ताडता येतील. तिसरा कुणी सांगितल्याशिवाय सुचणारच नाही. ज्याचा अंदाज बांधता येत नाही तो अर्थ कोशात असायलाच हवा, मग तो कितीही विरळ असो. बाईंनी ‘ठीक आहे, पण ब्रिटिश म्हणून खूण करा’ एवढ्यावर सोडलं.

२७ जून

ध्वनिमुद्रण. क्रियापद म्हणून बोलताना जोर ‘ऑफ’वर, नाम म्हणून बोलताना ‘टेक’वर. आपण मराठीत ‘विमानाचा टेकऑफ’ म्हणतो ते नाम, म्हणून ते आपल्या तोंडात बऱ्यापैकी बरोबर बसतं. क्रियापदालाही आपण तोच जोर देतो, तिथे चुकतं. दोन वेगळ्या ध्वनिफिती लागतील. पहिल्या खेपेच्या दोन्ही सारख्याच ऐकू येतात, पुन्हा कराव्या लागतील.

२ जुलै

नोंदीचा मजकूर पक्का. उतरवून ठेवतो.

‘टेक ऑफ. आधी पाहा : कर्म आहे का?

कर्म नाही. कर्ता स्वतःच्या जोराने सुटतो. विमान, पक्षी : उडणे, झेपावणे. माणूस : सटकणे, पळ काढणे, घाईने निघणे. विक्री, कारकीर्द, कल्पना : जोर धरणे, एकदम चालायला लागणे. वस्तू आपोआप सुटली असेल तर इथे नाही, ‘कम ऑफ’ पाहा.

कर्म आहे. सर्वनाम असेल तर मध्ये ठेवा. कपडे, चष्मा, झाकण : काढणे. दिवस, आठवडा : रजा काढणे, हा शब्द मध्येच. रक्कम, टक्के, वजन : कमी करणे. हात, पाय : कापणे. खेळाडू : बाहेर काढणे. नाटक, गाडी : बंद करणे. माणूस, ब्रिटिश वापर : नक्कल करणे, आवाज काढणे.

‘ऑफ’पुढे नाम आहे. त्या नामावरून किंवा त्यातून हटवणे : फळीवरून, यादीतून, औषधावरून.

काढणे, पण टेक ऑफ नाही : फोटो, कर्ज, दिवस, भांडण, खोड्या.’

‘औषधावरून’ मराठीत खटकतं, मान्य. डॉक्टरांनी रुग्णाला औषधापासून ‘टेक ऑफ’ केलं म्हणजे त्याचं औषध बंद केलं. तिथे पूर्ण वाक्यच द्यावं लागेल.

साचा ‘पुट ऑफ’ला लावून पाहिला. पहिला प्रश्न तिथेही चालतो, मात्र ‘कर्म नाही’ची चौकट जवळपास रिकामी राहते. रिकामी चौकट दाखवायची की लपवायची, हे सहकाऱ्यावर सोडलंय. त्याआधी ‘कम ऑफ’ लिहून काढायला हवं. आजच्या नोंदीतून तिकडे दुवा जातोय आणि तिथे अजून पान नाही.